सॉफ्टवेअरमधली ऑफसेट कमांड नेमकी कुठे अडते, हे ३५० वर्षांपूर्वी घड्याळ बनवता बनवता सापडलं होतं

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फ्यूजन... डिझाइनचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, त्यात एक कमांड हमखास सापडते. ऑफसेट.

काम एकदम सोपं. काढलेली रेष निवडायची, अंतर टाकायचं, कुठल्या बाजूला हवं ते सांगायचं. बरोबर तेवढ्या अंतरावर तिची जोडीदार रेष उमटते. प्लॅस्टिकच्या डबीला २ मिमी जाडीची भिंत द्यायची असेल तर ऑफसेट. घराच्या प्लॅनमध्ये ९ इंची भिंत दाखवायची असेल तर ऑफसेट. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनचा कटर जॉबच्या कडेने फिरतो, तिथेही ऑफसेटच. कटर १० मिमी व्यासाचा असेल तर त्याचा मध्य कडेपासून ५ मिमी लांब ठेवूनच फिरवावा लागतो. नाहीतर जॉब ५ मिमीने खाल्ला जाणार.

आता गंमत बघा. हीच कमांड कधीकधी अचानक नकार देते. १० मिमी टाकलं तर चालतं, २० टाकलं तर चालतं आणि ३० टाकलं की एरर. किंवा एरर येत नाही, पण आधी छान गोलाई दिलेला कोपरा गायब होतो आणि तिथे टोकदार कोपरा उरतो. नवीन शिकणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ती भूमितीची सीमा असते. आणि ही सीमा ज्याने पहिल्यांदा नीट मांडून दाखवली, त्या माणसाने कॉम्प्युटर सोडा, विजेचा दिवाही पाहिला नव्हता. तो घड्याळ बनवत होता.

त्याचं नाव ख्रिस्तियान हायगेन्स. बारावी सायन्स केलेल्यांना हे नाव फिजिक्सच्या पुस्तकातल्या तरंगाग्राच्या आकृतीमुळे माहीत असतं. पण ती आकृती, हे घड्याळ आणि ही ऑफसेट कमांड, तिन्हींच्या मागे एकच कल्पना आहे हे सहसा कुणी सांगत नाही. तर हा माणूस होता कोण आणि त्याने नेमकं काय केलं, ते नीट समजून घेऊ.

देकार्त ज्या घरी यायचा, त्या घरातला मुलगा

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ चा, नेदरलँड्समधल्या हेग शहरातला. घराणं मोठं. वडील कॉन्स्टँटाइन हायगेन्स हे कवी, संगीताचे जाणकार आणि ऑरेंजच्या राजघराण्याचे सचिव. आजच्या भाषेत सांगायचं तर सत्तेच्या अगदी आतल्या गोटातला माणूस. घरी पाहुणे कोण यायचे? तर रने देकार्त. म्हणजे ज्याच्यामुळे आपण आज आलेखावर एक्स आणि वाय काढतो, तो.

ख्रिस्तियान ८ वर्षांचा असताना आई सुझाना गेली. पाच भावंडं. वडिलांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवले. लॅटिन, संगीत, गणित, तर्कशास्त्र सगळं घरात. ख्रिस्तियानला मात्र पुस्तकांइतकाच नाद होता तो हाताने काहीतरी बनवायचा. छोटी यंत्रं, मॉडेल्स, चाकं.

वडिलांच्या डोक्यात मुलांनी आपल्यासारखं राजनैतिक सेवेत जावं असं होतं. म्हणून १६४५ साली ख्रिस्तियानला लायडन विद्यापीठात कायदा शिकायला पाठवलं. तिथे त्याला फ्रान्स फान स्कूटेन नावाचे गणिताचे शिक्षक भेटले आणि कायदा बाजूला पडला. पुढे ब्रेडाच्या कॉलेजात दोन वर्षं गेली. १६५५ मध्ये फ्रान्सच्या आंजे विद्यापीठातून त्याने कायद्याची डॉक्टरेटही घेतली, पण वकिली कधीच केली नाही.

त्याची चुणूक मात्र त्याआधीच दिसली होती. दोन खिळ्यांना साखळी टांगली की तिचा जो झोल पडतो, तो पॅराबोला असतो अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. १७ वर्षांच्या हायगेन्सने तो पॅराबोला असूच शकत नाही हे सिद्ध केलं आणि पॅरिसच्या मर्सेनला पत्राने कळवलं. तेव्हा युरोपातले गणिती एकमेकांशी पत्रांतून बोलायचे आणि मर्सेन म्हणजे त्या सगळ्या पत्रांचं जंक्शन होतं. पोरगं काही साधं नाही, ही खबर तिथून पसरली.

शनीची कडी आणि घरात घासलेली भिंग

विकतच्या दुर्बिणी हायगेन्सला पसंत नव्हत्या. त्यामुळे थोरल्या भावासोबत त्याने घरीच काच घासून भिंगं बनवायला सुरुवात केली. मार्च १६५५ मध्ये त्यातल्याच एका दुर्बिणीतून त्याला शनीभोवती फिरणारा एक ठिपका दिसला. तो शनीचा सगळ्यात मोठा चंद्र होता. टायटन हे नाव त्याला खूप नंतर, १९ व्या शतकात मिळालं. हायगेन्ससाठी तो फक्त शनीचा चंद्र होता.

दुसरं कोडं त्याहून जुनं होतं. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी पाहिला तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना कान असल्यासारखं काहीतरी दिसलं होतं. काही वर्षांनी ते कान गायबही झाले. हायगेन्सने सांगितलं की ही शनीभोवतीची एक पातळ, सपाट, कुठेही न चिकटलेली कडी आहे. आपण तिला कधी तिरपं पाहतो, कधी अगदी कडेने, म्हणून ती दिसते आणि नाहीशी होते. १६५९ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक आलं, तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

४ मिनिटांची चूक म्हणजे १११ किलोमीटर

पण ज्या गोष्टीने आपल्या विषयाला हात घातला, ती होती घड्याळ.

१७ व्या शतकात घड्याळ म्हणजे अंदाजपंचे प्रकरण. चांगलं म्हणवणारं घड्याळही दिवसाला सुमारे १५ मिनिटं मागेपुढे व्हायचं. मिनिटकाटा लावण्यात अर्थच नसायचा. पण समुद्रावर जाणाऱ्या देशांना अचूक वेळ हवी होती, कारण जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे, म्हणजे त्याचे रेखांश किती, हे वेळेवरून काढता येतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. विषुववृत्तावर १ अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. घड्याळ ४ मिनिटं चुकलं तर जहाज कागदावर १११ किलोमीटर भलतीकडे. रात्रीच्या अंधारात खडकावर आपटायला एवढी चूक खूप झाली. आणि नेदरलँड्सचा तर सगळा पैसाच समुद्रावर होता.

गॅलिलिओने लंबकाचा विचार केला होता, पण त्याच्या हयातीत घड्याळ तयार झालं नाही. डिसेंबर १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकावर चालणाऱ्या घड्याळाची रचना केली. पुढच्या वर्षी हेगच्याच सालोमन कोस्टर या घड्याळजीने त्याचं पेटंट घेऊन ती घड्याळं बनवायला सुरुवात केली. १५ मिनिटांची चूक सुमारे १५ सेकंदांवर आली. वेळ मोजण्यातली इतकी मोठी उडी त्याआधी कधी पडली नव्हती.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. हायगेन्सला मात्र एक गोष्ट टोचत होती. लंबक थोडा झुलला काय आणि जास्त झुलला काय, वेळ सारखाच लागतो असं आपण शाळेत शिकतो. ते फक्त जवळपास खरं आहे. झोका मोठा झाला की वेळ किंचित जास्त लागतो. भिंतीवरच्या घड्याळात ते खपून जातं. हलत्या जहाजावर, जिथे झोका सारखा बदलणार, तिथे ते खपणार नाही.

मग प्रश्न असा की गोळा वर्तुळाच्या कमानीवर न झुलवता कुठल्या रेषेवर झुलवला, तर झोका कितीही असो, वेळ तंतोतंत सारखा लागेल?

डिसेंबर १६५९ मध्ये त्याला उत्तर सापडलं. सायक्लॉइड. सायकलच्या टायरमध्ये एक खडा अडकलाय आणि सायकल सरळ चाललीय असं समजा. तो खडा हवेत ज्या कमानी काढत जातो, ती रेष म्हणजे सायक्लॉइड. ती उलटी धरली की लंबकासाठी हवी तीच वाट मिळते.

दोरा गुंडाळला आणि समांतर रेषांचं गणित सुटलं

आता खरी अडचण. दोऱ्याला टांगलेला गोळा वर्तुळाच्या कमानीवरच फिरणार. त्याला सायक्लॉइडवर चालवायचं कसं?

हायगेन्सची युक्ती अशी: दोरा जिथे टांगलाय तिथे दोन्ही बाजूंना दोन वाकवलेल्या पट्ट्या बसवायच्या. गोळा उजवीकडे गेला की दोऱ्याचा वरचा भाग उजव्या पट्टीवर गुंडाळला जातो आणि मोकळा दोरा आखूड होतो. त्यामुळे गोळ्याची वाट बदलते. प्रश्न उरला पट्टीच्या आकाराचा. आणि उत्तर निघालं की पट्टीचा आकारही सायक्लॉइडच हवा.

पण हायगेन्स एका घड्याळापुरतं थांबला नाही. त्याने कुठल्याही वक्ररेषेसाठी हाच प्रश्न विचारला. एका वक्ररेषेवर दोरा घट्ट गुंडाळलाय आणि तो ताणून धरून सोडवत नेला, तर दोऱ्याचं टोक एक नवी रेष काढतं. या नव्या रेषेला आज इन्व्होल्यूट म्हणतात आणि ज्या रेषेवरून दोरा सुटला तिला एव्होल्यूट. डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग करताना वर्तुळाचा इन्व्होल्यूट ज्यांनी काढलाय, त्यांनी हेच केलंय. गिअरच्या दातांचा आकारही बहुतेक ठिकाणी हाच असतो.

इथे नीट लक्ष द्या, कारण ऑफसेट इथेच आहे. त्याच दोऱ्यावर, टोकापासून २ सेंटिमीटर अलीकडे आणखी एक पेन्सिल बांधा. दोरा सोडवत नेला की दोन्ही पेन्सिली दोन रेषा काढतील. दोघींमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी बरोबर २ सेंटिमीटर, कारण मध्ये ताणलेला दोरा तेवढाच आहे. म्हणजे दुसरी रेष ही पहिलीची ऑफसेट आहे. दोघी एकाच एव्होल्यूटमधून जन्मलेल्या सख्ख्या बहिणी.

आणि मर्यादाही इथेच कळते. दुसरी पेन्सिल आणखी आत, आणखी आत सरकवत नेली तर एक वेळ अशी येते की ती मोकळ्या दोऱ्याच्या बाहेर, थेट गुंडाळलेल्या भागावर जाते. तिथे रेषेला टोक येतं. त्यापुढे अंतर वाढवलं तर रेष स्वतःवरच उलटी फिरते. मोकळ्या दोऱ्याची त्या जागची लांबी म्हणजेच त्या ठिकाणची वक्रता त्रिज्या. दोरा आणि एव्होल्यूटची ही मांडणी हायगेन्सच्या १६७३ च्या घड्याळावरच्या ग्रंथात आहे.

आता हे स्क्रीनवर कसं दिसतं?

एक लंबगोल घ्या. मध्यापासून लांबीच्या टोकापर्यंत १०० मिमी आणि रुंदीच्या टोकापर्यंत ५० मिमी. त्याची सगळ्यात घट्ट वळणं लांबीच्या दोन टोकांना. तिथली वक्रता त्रिज्या काढायचं सूत्र सोपं आहे, ५० चा वर्ग भागिले १००. उत्तर २५ मिमी.

म्हणजे हा लंबगोल आतल्या बाजूला १० मिमी ऑफसेट केला तर चालेल. २० मिमी केला तरी चालेल. २५ च्या पुढे गेलं की दोन्ही टोकांना रेष स्वतःला छेदून पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगते. मग सॉफ्टवेअरपुढे दोनच रस्ते. ती शेपटी छाटून टोकदार लंबगोल दाखवायचा, नाहीतर सरळ एरर द्यायचा. कुठलं सॉफ्टवेअर काय करेल ते त्याच्यावर, पण २५ हा आकडा कुणालाच चुकवता येत नाही.

कोपऱ्याच्या गोलाईचंही तसंच. ३ मिमी त्रिज्येची फिलेट दिलीय आणि आत ५ मिमी ऑफसेट मागितला, तर फिलेट संपली. ३ मधून ५ वजा कसे करणार? आणि आता हीच रेष पुन्हा ५ मिमी बाहेर काढली तरी मूळचा ३ मिमीचा कोपरा परत येत नाही. एक तर टोकदार कोपरा मिळेल, नाहीतर ५ मिमी गोलाईचा. आत जाताना जी माहिती पुसली गेली ती गेली. वर्कशॉपमध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: खिशाच्या आतल्या कोपऱ्याची गोलाई ३ मिमी असेल तर १० मिमीचा कटर तिथे पोचणारच नाही.

अजून एक गैरसमज इथेच मोडून टाकू. ऑफसेट म्हणजे स्केल नव्हे. वरचाच लंबगोल बाहेर १० मिमी ऑफसेट केला तर ११० आणि ६० मिमीचा लंबगोल मिळेल असं वाटतं ना? नाही मिळत. चार टोकांना दोन्ही जुळतात, पण मधल्या भागात ११०-६० चा लंबगोल किंचित आत राहतो, म्हणजे तिथे भिंत १० मिमीपेक्षा पातळ होते. लंबगोलाची खरी ऑफसेट रेष ही लंबगोल नसतेच, तिचं समीकरण खूप किचकट आहे. म्हणूनच अशा वक्ररेषांचा ऑफसेट सॉफ्टवेअर बऱ्याचदा ठरलेल्या मर्यादेतल्या अंदाजाने काढतं. फक्त सरळ रेष आणि वर्तुळ या दोनच गोष्टी सरळसोट वागतात. रेषेचा ऑफसेट रेषच आणि वर्तुळाचा वर्तुळच.

हायगेन्सने सीएडी शोधलं असं कुणी म्हणत नाही. त्याच्यासाठी हे लंबकाचं गणित होतं. पण समांतर वक्ररेषा कुठपर्यंत नीट राहतात आणि कुठे मोडतात, या प्रश्नाची किल्ली त्याच्या दोऱ्यात होती. १६९० च्या दशकात समांतर वक्ररेषांवर स्वतंत्रपणे लिहिलं ते लायब्निझने. आणि या लायब्निझला पॅरिसमध्ये गणिताची दिशा कुणी दाखवली होती? हायगेन्सनेच.

शत्रूच्या राजाला पुस्तक अर्पण

पॅरिसला हायगेन्स कसा पोचला, ही गोष्टही सोपी नाही.

१६६६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याने विज्ञान अकादमी उभी केली. त्यासाठी त्याने युरोपातून निवडून माणसं बोलावली आणि त्यात हायगेन्स सगळ्यात पुढे. भरभक्कम वार्षिक मानधन, राजाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत राहायला जागा. त्याआधी १६६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनेही त्याला सदस्य करून घेतलं होतं. एका शास्त्रज्ञाला तेव्हा यापेक्षा जास्त काय हवं असणार?

मग १६७२ साल उजाडलं. चौदाव्या लुईने हायगेन्सच्याच देशावर स्वारी केली. डच इतिहासात या वर्षाला आपत्तीचं वर्ष म्हणतात. फ्रेंच फौजा आत घुसल्या, लोकांनी बांध फोडून स्वतःची जमीन पाण्याखाली घातली. हेगमध्ये संतापलेल्या जमावाने योहान दे विट या नेत्याला आणि त्याच्या भावाला भर रस्त्यात ठार मारलं. दे विट स्वतः चांगला गणिती होता आणि हायगेन्ससारखाच फान स्कूटेनचा विद्यार्थी. हायगेन्सचा थोरला भाऊ मात्र दुसऱ्या बाजूला, फ्रेंचांशी लढणाऱ्या विल्यम ऑफ ऑरेंजचा सचिव झाला.

आणि ख्रिस्तियान? तो पॅरिसमध्येच राहिला. भाऊ ज्या राजाशी लढणाऱ्यांसोबत होता, त्याच राजाच्या पगारावर. एवढंच नाही, तर १६७३ मध्ये घड्याळावरचा तो मोठा ग्रंथ छापून आला तेव्हा तो त्याने चौदाव्या लुईलाच अर्पण केला. युद्ध अजून चालू होतं.

याकडे कसं बघायचं? गद्दारी म्हणायची की विज्ञानाला देश नसतो म्हणायचं? खरं तर दोन्ही उत्तरं सोयीची आहेत. ग्रंथ छापायला पैसा हवा होता, काम करायला अकादमी हवी होती आणि दोन्ही राजाच्या हातात होतं. हायगेन्सने काम निवडलं. त्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

१६७५ मध्ये त्याने घड्याळात लंबकाऐवजी गोल वेटोळ्याची स्प्रिंग लावली. खिशातलं घड्याळ अचूक होण्याची सुरुवात इथून झाली. पण लगेच भांडणं लागली. लंडनमध्ये रॉबर्ट हूक म्हणाला की ही कल्पना आधी माझी. पॅरिसमध्ये ज्या घड्याळजीकडून ते बनवून घेतलं, त्यानेही श्रेयावर हक्क सांगितला. समुद्रावरचा प्रश्न तर सुटलाच नाही. जहाजांवर त्याच्या घड्याळांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा झाल्या, पण खवळलेल्या समुद्रात लंबक टिकेना. तो प्रश्न पुढे १८ व्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने सोडवला.

त्यात तब्येत. १६७० मध्ये हायगेन्स इतका आजारी पडला की वाचेल की नाही अशी वेळ आली. काही वर्षांनी पुन्हा तसंच, सोबत खोल उदासी. दर वेळी तो हेगला घरी जायचा, बरा व्हायचा आणि परत पॅरिसला यायचा.

लाटेची तीच आकृती

या आजारपणांच्या मधल्या काळात, १६७८-७९ च्या सुमारास, त्याने प्रकाशावरचा आपला विचार अकादमीपुढे मांडला. प्रकाश ही लाट आहे. आणि लाट पुढे कशी सरकते? तर आत्ताच्या तरंगाग्रावरचा प्रत्येक बिंदू हा एका छोट्या लाटेचा उगम समजायचा. त्या सगळ्या छोट्या लाटांना स्पर्श करणारी रेष म्हणजे पुढच्या क्षणाचं तरंगाग्र.

बारावीच्या पुस्तकातली आकृती ती हीच. पण आता ती डिझाइनवाल्याच्या नजरेने बघा. कागदावर कुठलीही वक्ररेषा काढा. कंपासमध्ये १ सेंटिमीटर घ्या आणि त्या रेषेवर जवळजवळ बिंदू घेऊन प्रत्येकावर वर्तुळ काढा. वर्तुळांच्या गर्दीच्या बाहेरून जी कड दिसते, ती मूळ रेषेपासून सगळीकडे १ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे ती ऑफसेट रेष. एकाच वेगाने सगळीकडे पसरणारी लाट दर क्षणाला स्वतःचा ऑफसेट काढत पुढे जाते.

एक बारकावाही जुळतो. वर्तुळांच्या त्या गर्दीला दोन कडा असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. म्हणून सॉफ्टवेअर तुम्हाला बाजू विचारतं. हायगेन्सने फक्त पुढची कड घेतली, मागे लाट का जात नाही याचं गणित मात्र १९ व्या शतकातच झालं.

आणि ऑफसेट जिथे मोडतो तिथे प्रकाशाचं काय होतं? गोलाकार स्टीलच्या वाटीत दूध असताना उन्हात धरून बघा. दुधावर एक टोकदार, चमकणारी रेष दिसते. आतल्या बाजूला वळलेली लाट जिथे स्वतःवर दुमडते, तिथे उजेड गोळा होतो. ती चमकती रेष म्हणजेच लाटेचा एव्होल्यूट. हायगेन्सने आपल्या प्रकाशावरच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात हे जोडून दाखवलं आहे. घड्याळाच्या दोऱ्याचं गणित त्याने थेट प्रकाशाला लावलं. म्हणजे स्क्रीनवर ज्या जागी एरर येतो, त्या जागी निसर्गात लख्ख उजेड असतो.

परतीचा रस्ता बंद

१६८१ मध्ये हायगेन्स आजारी होऊन पुन्हा हेगला आला. या वेळी परत जाणं झालं नाही. १६८३ मध्ये त्याचा पाठीराखा कोल्बेर वारला. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट लोकांना मिळालेलं धर्मस्वातंत्र्यच काढून घेतलं. हायगेन्स प्रोटेस्टंट घरातला. ज्या राजाला त्याने ग्रंथ अर्पण केला, त्याच्या देशात आता त्याला जागा नव्हती.

१६८७ मध्ये वडील गेले. त्यानंतर तो बराच काळ फोरबर्गला, वडिलांनी बांधलेल्या होफवाइक या पाण्याने वेढलेल्या छोट्या घरात राहिला. लग्न केलं नव्हतं. भावासोबत पुन्हा भिंगं घासायला सुरुवात झाली, आता शंभर फुटांहून लांब नाभीय अंतराची. १६८९ मध्ये लंडनला जाऊन तो न्यूटनला भेटला. न्यूटनला त्याच्याबद्दल आदर होता, पण प्रकाशाच्या बाबतीत दोघांची वाट वेगळी. न्यूटनचा कल प्रकाश म्हणजे कण याकडे.

१६९० मध्ये हायगेन्सचं प्रकाशावरचं पुस्तक अखेर छापून आलं. लिहून झाल्यावर १२ वर्षांनी. ८ जुलै १६९५ रोजी हेगमध्ये त्याचं निधन झालं. वय ६६.

पुढची शंभर वर्षं न्यूटनच्या नावाचा दबदबा इतका होता की लाटेची कल्पना कोपऱ्यात पडून राहिली. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग आणि मग फ्रेनेल यांनी प्रयोगांनी आणि गणिताने ती परत उभी केली, तेव्हा त्यांच्या हाताशी हायगेन्सची तीच वर्तुळांची आकृती होती.

आज होफवाइकमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. १४ जानेवारी २००५ रोजी युरोपियन अंतराळ संस्थेचं एक यान टायटनवर उतरलं. त्याचं नाव हायगेन्स. आजवर माणसाने पाठवलेलं यान इतक्या दूर कुठेही उतरलेलं नाही.

पण त्याचा रोजचा वावर आहे तो वर्कशॉपमध्ये आणि डिझाइनच्या स्क्रीनवर. थ्रीडी प्रिंटर भिंतीच्या आत दुसरी भिंत काढतो तेव्हा, लेझर कटर आपल्या किरणाची जाडी वजा करून कापतो तेव्हा. त्यामुळे पुढच्या वेळी ऑफसेट अडला तर अंतर कमी-जास्त करत बसण्याआधी एकच गोष्ट तपासा. आकारातलं सगळ्यात घट्ट आतलं वळण कुठलं आणि त्याची त्रिज्या किती? टाकलेलं अंतर त्याहून मोठं असेल, तर तुमचा दोरा संपलेला आहे.